मास्तरांची आज्ञावली

गेल्या चातुर्मासात, पावसाची झड लागलेल्या एका संध्याकाळी, फोंडा तालुक्यातील एक गणिताचे मास्तर आमच्या बैठकीत आले. आमचा व्यवसाय वकिलीचा. अशा अवेळी आलेला मनुष्य बहुधा जमिनीचा दस्तऐवज, मुंडकाराचा तंटा, नाहीतर देवस्थानच्या महाजनकीचा वाद घेऊन येतो. मास्तरांच्या हाती मात्र कागद नव्हता. मांडीवर मावेल असा लहान संगणक होता. तो उघडून त्यांनी आम्हांस एक संख्यारेषा दाखविली. रेषेच्या एका टोकास ०, दुसऱ्या टोकास २, आणि मध्ये कोठेतरी एक न पेटलेली पणती. पणती ज्या ठिकाणी आहे तो अपूर्णांक मुलाने लिहावयाचा. लिहिलेल्या ठिकाणी एक ज्योत येऊन उतरते. उत्तर बरोबर असेल तर पणती पेटते. चुकले असेल तर ज्योत आपल्या जागी क्षणभर थांबते आणि विझते. हे सर्व मास्तरांनी स्वतः आज्ञावली लिहावयास शिकून, दोन वर्षे रात्री जागून रचले होते. आता ते दुसऱ्या शाळेत रुजू होणार होते, आणि जुन्या संस्थेने त्यांस कळविले होते की ही सामग्री संस्थेची असून ती त्यांनी बरोबर नेऊ नये.

मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, एवढेच सांगा. हा धडा माझा की संस्थेचा?"

प्रश्न कायद्याचा होता व त्याचे उत्तर आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु त्या रात्री आमच्या ध्यानात आले की हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही. गणिताच्या शिक्षकाने यंत्राला धडा शिकवावयाचा ही गोष्ट आज साठ वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. तो इतिहास आमच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर या अभियंत्याने 'प्लेटो' नावाची योजना सुरू केली. संगणकाच्या साहाय्याने शिकविता येते काय, हे पाहण्यासाठी ती होती. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले यंत्र, आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा काही थोड्या तज्ज्ञांच्या स्वाधीन असलेली. धडा रचावयाचा तर शिक्षकाने आपले म्हणणे तज्ज्ञाला सांगावे, तज्ज्ञाने ते यंत्राला सांगावे, आणि या दुभाषेपणात मूळ विषय निम्मा उरावा, अशी स्थिती. ही अडचण ओळखून पॉल टेन्झार याने १९६७ साली 'ट्यूटर' नावाची भाषा तयार केली. शिक्षकाला स्वतःचा धडा स्वतः लिहिता यावा, हाच तिचा उद्देश होता. त्यापूर्वी तीन वर्षे, १ मे १९६४ च्या पहाटे, डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांची 'बेसिक' ही भाषा प्रथम चालली होती. विज्ञानाच्या शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्राला काम सांगता यावे, असा त्यांचा आग्रह. म्हणजे शिक्षणासाठी घडविलेल्या या पहिल्या भाषांमागे जी बुद्धी होती ती यंत्रापेक्षा वर्गाकडे अधिक पाहत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या 'प्लेटो'वर पुढे शेरॉन डगडेल आणि डेव्हिड किबी या दोघांनी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी अपूर्णांकांचा एक पाठ्यक्रम रचला. त्यांतील एक खेळ बाणांचा होता. उभ्या संख्यारेषेवर फुगे लावलेले. फुग्याची जागा मुलाने अपूर्णांकात लिहावयाची. लिहिलेल्या जागी बाण जाऊन लागावयाचा. आमच्या मास्तरांच्या पणतीची ही पणजीच म्हणावयास हरकत नाही, आणि गंमत अशी की मास्तरांनी तिचे नावही ऐकलेले नव्हते.

या खेळात विशेष ते कोणते? आमच्या आजोबांच्या पिढीने पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी पाढ्यांची माळ पाठ केली. बाजारात पाऊण शेराच्या दिडीचा हिशेब ती पिढी बोटही न मोडता करी. त्या विद्येचा आम्ही अनादर करणार नाही. परंतु पाठ म्हणणारा मुलगा चुकला की त्याला छडी मिळे, चूक किती होती ते मिळत नसे. सात अष्टमांशाच्या जागी एकाने तीन चतुर्थांश म्हटले व दुसऱ्याने एक अष्टमांश म्हटले, तर छडी दोघांस सारखीच. बाणाच्या खेळात मात्र पहिल्याचा बाण फुग्याला चाटून जातो आणि दुसऱ्याचा दूर जाऊन पडतो. आपण किती चुकलो, कोणत्या बाजूला चुकलो, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि पुढच्या वेळी आपली नजर सुधारते. चुकीला शिक्षेऐवजी माप देणे हा या खेळाचा प्राण. आणि वर्गात मुलांच्या चुका ज्याने पाहिलेल्या आहेत त्यालाच तो सुचतो.

याच सुमारास, १९६७ साली, मॅसेच्युसेट्समधील केंब्रिज येथे वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बॉब्रो आणि सेमूर पॅपर्ट यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची भाषा रचली. पॅपर्ट जन्माने दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचे. १९५८ ते १९६३ या काळात जिनेव्हा येथे बालमनाचे थोर अभ्यासक पियाजे यांच्याजवळ त्यांनी काम केले होते. मूल स्वतः काही घडवीत असता उत्तम शिकते, ही त्यांची दृढ श्रद्धा. लोगोत पडद्यावर एक 'कासव' असते. त्याला 'पुढे १००' म्हटले की ते रेघ ओढीत शंभर पावले पुढे जाते. 'उजवीकडे ९०' म्हटले की काटकोनात वळते. या दोन आज्ञा चार वेळा दिल्या की चौरस झाला.

आता समभुज त्रिकोण काढावयाचा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे सर्वांस ठाऊक, म्हणून मनुष्य 'उजवीकडे ६०' असे सांगतो, आणि तीन रेघा ओढून झाल्या तरी आकृती मिटत नाही. तशाच पुढे चालू ठेवल्या तर षट्कोन होतो. कारण कासव आतल्या कोनातून वळत नाही, बाहेरच्या कोनातून वळते. त्रिकोणासाठी त्याला १२० अंश वळावे लागते. आकृती पुरी करून मूळ दिशेस येईतो कासव एकंदर ३६० अंश वळते, मग बाजू तीन असोत की बारा. देवळाच्या आवारात प्रदक्षिणा घालणारा भक्त प्रत्येक कोपऱ्यावर थोडा थोडा वळत पुन्हा देवासमोर येतो तेव्हा तोही एक पूर्ण फेरा वळलेला असतो. भूमितीचा हा सिद्धांत आपले पाय रोज गिरवितात, फक्त तो आपणांस कोणी दाखविलेला नसतो.

आम्ही हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण ६० अंशांची ही चूक मुले करतात तशी शिक्षकही करतात. ज्या शिक्षकाने वीस वर्षे त्रिकोण शिकविला तोच कासवापुढे बसला की षट्कोन काढतो. त्या क्षणी तो पुन्हा विद्यार्थी होतो, आणि आपला विषय आपणांस किती ठाऊक होता व किती केवळ पाठ होता हे त्यास कळते. पॅपर्ट यांचा 'माइंडस्टॉर्म्स' हा ग्रंथ १९८० साली निघाला व त्याने पुष्कळ शिक्षकांस या मार्गाला लावले. आज्ञावली लिहिण्याचा खरा लाभ शिक्षकाला कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही हेच सांगू. यंत्र संदिग्ध बोलणे समजून घेत नाही. त्याला सांगावयाचे तर आपणांस आधी पुरते समजावे लागते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू. १९७१ सालच्या अखेरीस मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच, बिल हाइनेमन आणि पॉल डिलनबर्गर हे तीन तरुण शिक्षकीचे उमेदवार म्हणून शाळांत शिकवीत होते. रॉविचचा विषय इतिहास, इतर दोघांचा गणित. अमेरिकेच्या पश्चिमेकडे बैलगाड्यांतून गेलेल्या वसाहतकारांचा प्रवास मुलांस शिकवावा म्हणून तिघांनी दोन आठवड्यांच्या आत बेसिक भाषेत एक आज्ञावली लिहिली. तिला पडदादेखील नव्हता. टंकयंत्रासारख्या यंत्रातून प्रश्न कागदावर छापून येत आणि मुले उत्तर टंकित करीत. अन्नावर किती खर्चावे, दारूगोळ्यावर किती, किती मैल तोडले, अशा बेरजा-वजाबाक्यांवर सारा प्रवास चाले. मुले त्या यंत्रापुढे रांगा लावू लागली. सत्र संपल्यावर रॉविचने ती आज्ञावली कागदावर छापून घेतली आणि यंत्रातून पुसून टाकली. १९७४ साली मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेत नोकरी लागल्यावर त्याने तोच कागद समोर ठेवून ती पुन्हा टंकित केली. पुढे 'ओरेगन ट्रेल' या नावाने तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. मूळ तीन शिक्षकांस त्या विक्रीचा वाटा मिळाला नाही.

या तिघांनी तक्रारीचे रान उठविले नाही, आणि आम्हीही येथे कोणास दोष देत नाही. परंतु नमुना पाहावा. शिक्षकाने गरजेपोटी घडवावे. संस्थेने ते जपावे व वाढवावे. बाजाराने ते विकावे. आणि शेवटी तीच वस्तू दुसऱ्या शिक्षकाच्या हाती तयार माल म्हणून यावी, ज्याचे झाकण त्याला उघडता येत नाही. १९८० नंतर हेच झपाट्याने घडले. ब्रिटनमध्ये १९८१ अखेर बीबीसीचा लहान संगणक निघाला व शाळाशाळांतून बेसिक शिकविले जाऊ लागले. आपल्या देशातही १९८४ साली 'क्लास' नावाच्या योजनेखाली तेच यंत्र निवडक शाळांत आले. पण दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले. चकचकीत तयार सामग्री बाजारात आली आणि शिक्षकाचे प्रशिक्षण म्हणजे कोणती कळ दाबावी एवढेच उरले.

तयार सामग्रीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य केले पाहिजे. ती अनेकांनी तपासलेली असते, देखणी असते, आणि शिक्षकाचा वेळ वाचविते. ज्याला दिवसाचे सहा तास शिकवून वर जनगणनेची व निवडणुकीची कामे करावी लागतात त्याने रात्री आज्ञावलीही लिहावी, असे सांगणे निर्दयपणाचे आहे. प्रत्येक सुगरणीने पाटा स्वतः घडवावा असा आमचा आग्रह नाही. पण पाट्याला टाकी लावण्याची मुभा तरी तिला हवी की नको? आपल्या वर्गातील मुले ज्या पायरीवर अडखळतात ती पायरी थोडी खाली आणावी, फुग्याच्या जागी पणती ठेवावी, इंग्रजी सूचना मराठीत किंवा कोकणीत कराव्यात, एवढेही ज्याला करता येत नाही तो शिक्षक आपल्याच वर्गात पाहुणा होतो.

ही मुभा परत मिळविण्याचा मोठा प्रयत्न ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. मार्कुस होएनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ साली आपल्या पदवीच्या प्रबंधासाठी भूमिती व बीजगणित एकत्र जोडणारे 'जिओजेब्रा' हे साधन रचण्यास आरंभ केला आणि ते सर्वांस विनामूल्य दिले. त्यात शिक्षक समीकरण लिहितो, शेजारी वक्ररेषा उमटते. एक सरकती खूण ओढली की सहगुणक बदलतो आणि रेषा डोळ्यांदेखत वाकते. अधिक शिकलेला शिक्षक त्यात स्वतःच्या आज्ञाही घालू शकतो. आपल्या देशात केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' ही योजना सुरू केली, मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला, आणि शिक्षकांतूनच निवडलेल्या शिक्षकांकडून इतर शिक्षकांना शिकविले. तेथे जिओजेब्रा गणिताच्या वर्गात रुळले. अमेरिकेत २०११ साली निघालेल्या 'डेस्मॉस'नेही पुढे शिक्षकांस स्वतःचे पाठ रचण्याची सोय दिली, आणि त्यासाठी एक छोटी भाषाही पुरविली. अनेक गणित-शिक्षक आज्ञावलीचा पहिला धडा त्या भाषेत गिरवू लागले.

परंतु उधारीच्या जमिनीवर बांधलेल्या घराचे भय असतेच. डिसेंबर २०२१ मध्ये जिओजेब्रा भारतातील 'बायजूज' या कंपनीने घेतले, आणि २०२४ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. डेस्मॉसचा वर्गपाठांचा भाग २०२२ साली 'ॲम्प्लिफाय' या दुसऱ्या कंपनीकडे गेला. साधने त्यामुळे लगेच बंद पडली नाहीत, हे खरे. तथापि ज्या हजारो शिक्षकांनी त्यांवर आपले पाठ रचले होते त्यांस हे वृत्त वर्तमानपत्रांतून कळले. त्यांची संमती विचारण्याचे कोणास कारण नव्हते. म्हणून ज्याने पाठ रचला त्याने त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी, ही रॉविचच्या कागदाची शिकवण आजही लागू आहे.

आमच्या गोव्यात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक शाळेपूर्वीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम असावेत असे सांगितले. आणि गोवा सरकारने २०२१ मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची 'केअर्स' नावाची योजना हाती घेतली. शिकवावयाचे तर आधी शिक्षकांनी शिकावयास हवे. ज्यांनी शिकलेली विद्या आपल्या गणिताच्या तासाला लावली त्यांपैकी एक आमचे मास्तर. म्हणजे असे मास्तर यापुढे वाढणार, आणि त्यांचे प्रश्नही वाढणार.

आता कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावली 'वाङ्मयीन कृती'त गणली गेली. कायद्याच्या दृष्टीने मास्तरांची पणती आणि एखादी कादंबरी एका पंक्तीस बसतात. कलम १७ असे सांगते की नोकरीच्या करारानुसार, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा होय. येथे सारा वाद 'नोकरीच्या ओघात' या शब्दांपाशी येतो. १९५२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एका संस्थेच्या नोकराने दिलेली व्याख्याने त्याची स्वतःची ठरली; पण त्याच ग्रंथातील जो भाग संस्थेने नेमून दिलेल्या कामातून निघाला होता तो संस्थेचा ठरला. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी त्यातील विवेक उपयोगी आहे. मास्तरांची नेमणूक शिकविण्यासाठी होती, आज्ञावली लिहिण्यासाठी नव्हती. काम त्यांनी घरी, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळात केले होते. त्यांची बाजू बळकट आहे, असे आम्ही त्यांस सांगितले. शाळेच्या वेळात, मुख्याध्यापकांनी सांगितले म्हणून ते केले असते तर आमचे उत्तर वेगळे झाले असते.

याच कायद्याचे कलम ५७ मात्र अधिक थोर आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कर्त्यापाशीच राहतो, असे ते म्हणते. मालकी एकाची व कर्तेपण दुसऱ्याचे असू शकते, हा भेद आपल्या संस्थांच्या चालकांनी मनावर कोरून ठेवावा.

आणि याच चालकांस आमची एक विनंती आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण देवस्थानांच्या व शिक्षणसंस्थांच्या समित्यांवर आहेत. 'उलट करार नसेल तर' या कायद्याच्या शब्दांत त्यांच्यासाठी दार उघडे ठेवलेले आहे. शिक्षकाच्या नेमणूकपत्रात एकच वाक्य घालावे: शिक्षकाने रचलेल्या शैक्षणिक सामग्रीचे कर्तेपण व मालकी शिक्षकाची राहील, आणि संस्थेस ती आपल्या शाळेत विनामूल्य वापरण्याचा व बदलण्याचा कायमचा हक्क राहील. याने संस्थेचे काही जात नाही. उलट दुसरा मास्तर रात्री जागावयास तयार होतो.

गणिताच्या विद्येला धर्मादायाचा आधार देणे ही आपली जुनी रीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला तेथील शिलालेख संस्कृतात आहे. परंतु दानाचा तपशील शेवटी मराठीत कोरलेला आहे, जेणेकरून कोणास काय दिले हे पुढच्यांस कळावे व वाद होऊ नये. दात्याने योगक्षेमाची तरतूद केली, ती स्पष्ट शब्दांत लिहून ठेविली, आणि पाठ आचार्यांवर सोपविला. आठशे वर्षांपूर्वीची ही समज आज आम्हांस जड का जावी?

मास्तरांचा तंटा न्यायालयात गेला नाही. आम्ही संस्थेच्या कार्यवाहांस एक पत्र लिहिले, दोनदा भेट झाली, आणि वर सांगितले तसेच वाक्य दोन्ही बाजूंनी सहीनिशी मान्य केले. पणती आज दोन्ही शाळांत पेटते. सही झाल्यावर मास्तर निघताना म्हणाले, "पैशाचे काही नव्हते हो, वकीलसाहेब. मुले विचारतात, 'सर, हे तुम्ही केले?' त्यांना हो म्हणता यावे, एवढेच होते."